फिकट गुलाबी बटण

माझी मुलगी उस्मानपुऱ्यातील एका कंपनीत मोबाइल अ‍ॅपच्या पडद्यांचे डिझाइन करते. गेल्या वर्षी तिच्याकडे एका प्रसूतिगृहाचे अ‍ॅप आले. तिथल्या मालकीणबाईंना गुलाबी रंग हवा होता. दुधात थेंबभर सरबत पडावे इतकाच. पांढऱ्या पडद्यावर त्या रंगाचे बटण आणि बटणावर पांढरीच अक्षरे.

प्रत्येक पडदा ती आधी मला दाखवी. शेतांचे नकाशे काढण्यात माझी नोकरी सरली. नजरेचा मला गर्व होता. तिच्या ऑफिसात म्हणच पडली होती: बाबांना दिसले, तर सगळ्यांना दिसले.

"बाबा, वेळ घ्यायचं बटण दाबा."

"कुठे आहे?"

"नीट बघा ना."

मी पाहिले. पडदा कोरा होता.

ती खूश झाली. "मी सांगतच होते, हा रंग चालणार नाही!" तिने छटा थोडी गडद केली. कोरा. आणखी गडद केली. तरी कोरा. तेव्हा माझी पत्नी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. ती सिल्लोडकडची, बोलणे अजून तिकडचेच.

"हे काय, इथं तर हाय! चांगलं वडीएवढं."

"आई, आणि हा पहिला?"

"तो बी दिसतोय. लई गोड रंग हाय." मग माझ्याकडे वळून, "लोकांच्या शेताचे बांध दिसायचे, अन् हे दिसंना व्हय?"

मुलगी हसली नाही. तिने तळहाताने माझा एक डोळा झाकला, नंतर दुसरा.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्यामागची नस वाळत चालली आहे. गेले ते परत येणार नाही. उरलेले औषधाच्या थेंबांनी जमेल तितके राखायचे. फिके रंग आधी पुसट होतात, असेही ते म्हणाले. हे मला कळायला बटण लागले.

मुलीने मालकीणबाईंना माझे उदाहरण सांगून पाहिले.

"आमच्याकडे सुना येतात, सासरे नाहीत," त्या म्हणाल्या.

गुलाबी तसाच राहिला.

थेंब नियमाने घालतो. तरी उजव्या बाजूने येणारा माणूस आता अंगावर आल्यावरच कळतो. परवा मुलीने नव्या कामाचा पडदा घरी आणला. माझ्या खुर्चीपाशी ती क्षणभर थांबली, आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात आईकडे गेली. मी हाक मारली नाही. तिने योग्यच केले.