लिनेसच्या घरातली राहिलेली सुई

लिनेस आमची शेजारीण. एकोणीस वर्षं आरोग्यसेविका आहे. सायकलीला लसींची थंड पेटी बांधून फालोंबेच्या डोंगराखालच्या अकरा वाड्या फिरते. चढावर सायकल तिला नेते की ती सायकलला, देव जाणे. गरोदर बायका हुडकायच्या नि धनुर्वाताची सुई टोचायची, हे तिचं काम. पण आमच्याकडे पोट दिसेतो कुणी कबूल होत नाही, बोललं की दृष्ट लागते. मग बिचारी विहिरीवर बसून डोहाळ्यापायी कोण गुपचूप माती खातंय ते बघते.

आणि तिचीच लेक तादाला सात महिन्यांची गरोदर, तरी घरात चकार शब्द नाही!

लिनेसला दिसत होतंच. पण आईनं लेकीला असलं विचारायचं नसतं. ते सांगत्या बाईचं काम, पोरी वयात आल्या की त्यांना बायकांच्या गोष्टी शिकवते ती. ती बाई म्हणजे मी. पहिल्या खेपेला बातमी फुटली नि गर्भ गेला, म्हणून पोरीनं मला शपथ घातलेली. गावाची अंडीपिल्ली सांगत फिरणारी मी, नेमकं हेच गिळून बसले.

एका संध्याकाळी लिनेस माझ्या चटईवर पाय पसरून बसली.

"किती झाले?"

"कुणाचे गं?"

"माझ्या कोंबडीचे! बोल, नाहीतर तुलाच टोचते."

"सात संपले."

तिनं बोटं मोजली. "पहिली सुई उद्या. दुसरी चार आठवड्यांनी. त्यानंतर बाळंतपणाआधी निदान दोन आठवडे जायला हवेत, तरच बाळाला राखण. पोर लवकर बाळंत झाली तर?"

"तिनं शपथ घातली होती गं."

"माहितीये. लवकर या म्हणून गावभर ओरडते मी, आणि घरात मीच गप्प." एवढं बोलून ती भिंतीला टेकली.

सकाळी आंब्याखाली सुईसाठी लागलेल्या बायकांच्या रांगेत मी तादालाला उभं केलं. लिनेसनं परक्या बाईला विचारावं तसं विचारलं, "किती महिने?"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. "सात संपले," मीच म्हटलं.

सुई टोचून झाली, तरी लिनेसचा हात लेकीच्या दंडावरून निघेना. मग म्हणाली, "अठ्ठावीस दिवसांनी. चुकवू नको. चला, पुढची."

तादालानं चुकवलं नाही. दुसऱ्या सुईनंतर सोळाव्या दिवशी मुलगी झाली. लिनेस अकराव्या वाडीवरून आली, नातीला मांडीवर घेतलं, आणि नात टक्क जागी असताना आजीच बसल्या बसल्या झोपली.