तोताराम गवंड्याची तापी

कल्पना करा, तुम्हाला तापी नदी बनवायची आहे. खरी नव्हे, सिमेंटची. शाळेच्या पटांगणात तीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद जागा आखून दिलेली आहे. उत्तरेला सातपुडा उभा करायचा, दक्षिणेला सातमाळा आणि अजिंठ्याचे डोंगर, मध्ये सपाट पट्टा आणि त्या पट्ट्यातून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी नदी. बऱ्हाणपूरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतलं, की ते भुसावळजवळून, चोपड्याच्या खालून, शिरपूरच्या बाजूने थेट गुजरातच्या हद्दीपर्यंत पोचलं पाहिजे. वाटेत वाघूर, गिरणा, बोरी आणि पांझरा तिला येऊन मिळाल्या पाहिजेत. तुमच्याजवळ भिंतीवरचा एक जुना नकाशा आहे, थापी आहे, ओळंबा आहे आणि पाण्याने भरलेली लेव्हलची नळी आहे. नदी तुम्हाला पाठ आहे, कारण तुम्ही तिच्या काठावरच जन्मलात. आता सांगा, सुरुवात कुठून कराल?

तोताराम गवंडी यांनी सुरुवात कोब्यापासून, म्हणजे खालच्या काँक्रीटच्या थरापासून केली, आणि चूकही तिथेच झाली.

तापीच्या दक्षिण काठावरचं कुरवाडे हे धड खेडं नाही आणि धड शहरही नाही. बुधवारचा बाजार, दोन शाळा, एसटीचा थांबा, कापसाच्या गाड्या. जुनी वस्ती पांढऱ्या मातीच्या टेकाडावर आहे. बाजार पूर्वी खाली घाटाजवळ भरायचा, एका मोठ्या पुरानंतर लोकांनी तो वर आणला. जिल्हा परिषदेची शाळा आधी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर भरली, मग बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात, आणि मग हल्लीच्या जागेत आली. हल्लीच्या इमारतीत सात खोल्या आहेत. त्यातल्या तीन खोल्यांचा गिलावा तोतारामआबांच्या हातचा.

आबा स्वतः मात्र या शाळेत चौथीही पूर्ण करू शकले नव्हते. त्यांचं घर पलीकडच्या काठावर, खडकीला. तेव्हा पूल नव्हता, नाव होती. आषाढ लागला की नावाडी नाव वर ओढून ठेवायचा, ती दिवाळीपर्यंत खाली यायची नाही. तोवर अलीकडच्या पोरांचं निम्मं पुस्तक झालेलं असायचं. दुसरी आणि तिसरी गुरुजींच्या दयेने निघाली. चौथीत पावसाळा लांबला, आणि आबा परत आले तेव्हा हजेरीपटावरून त्यांचं नाव कमी झालं होतं. गुरुजी म्हणाले, "पुढल्या वर्षी ये." पुढल्या वर्षी आबा अमळनेरला एका गवंड्याच्या हाताखाली विटा भिजवत होते. पूल झाला तेव्हा त्याच्या कठड्याचं काम आबांनी केलं. लोक म्हणतात, कठडा अजून हललेला नाही.

आता आबा बासष्ट वर्षांचे आहेत. गेल्या हिवाळ्यात मुख्याध्यापिका ज्योत्स्ना मॅडम त्यांच्या घरी आल्या. मॅडम मूळच्या जळगावच्या, मेहरूणच्या. भूगोल शिकवताना त्यांचा आवाज एक पट्टी वर जातो, असं मुलं सांगतात. त्यांनी नकाशा उलगडला आणि जे हवं ते समजावलं. आबांनी नकाशावरच्या नदीवरून बोट फिरवलं.

"होईल," ते म्हणाले. "पण मॅडम, डोंगर किती उंच घेऊ? मापात घेतला तर बोटभरही होणार नाही."

मॅडम खूश झाल्या. "उंची वाढवून घ्या, आबा. मुलांना डोंगर दिसला पाहिजे. आणि एक अट आहे. काम झालं की मुलांना नकाशा तुम्हीच समजावून सांगायचा."

"मी?"

"बांधला कोणी? मग सांगणार कोण?"

परिसरातल्या चौदा शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेसाठी पुढच्या महिन्यात कुरवाड्याला जमणार होते. दिवस सोमवार. त्यांच्यासमोर, चौथीच्या वर्गासमोर, आबांनी उभं राहायचं होतं. त्या रात्री त्यांनी बायकोला दोनदा विचारलं, की पांढरा सदरा बरा दिसेल की नेहरू शर्ट. चौथीच्या वर्गात परत जायचं, आणि तेही फळ्याच्या बाजूने, ही गोष्ट त्यांनी कधी स्वप्नातही पाहिली नव्हती.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष रुपचंद नाना यांना मात्र हे सारं पसंत नव्हतं. त्यांना पटांगणात पेव्हर ब्लॉक हवे होते. "नदी पाहायची तर दोन मिनिटं चालत जा ना," ते म्हणायचे. "सिमेंटची कशाला?" शेवटी त्यांनी कबूल केलं, पण अट घालून. परिषदेच्या दिवशी नकाशा चालला तर राहील, नाही तर उखडून ब्लॉक बसतील.

आबांनी तीन आठवडे काम केलं. आधी मुरूम ठोकला, त्यावर तीन इंच कोबा टाकला, त्यावर डोंगर चढवले, आणि मग करणीच्या टोकाने दोन इंच खोल नदी कोरली. सातपुड्याला हिरवा रंग, गावांना लाल ठिपके. आपल्या खडकीलाही त्यांनी एक ठिपका दिला, बारीकसा. मॅडमनी तो पाहिला आणि तसाच राहू दिला.

शनिवारी पाणी सोडून पाहायचं ठरलं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या झुंबरबाईंनी बादली उचलली आणि बऱ्हाणपूरवर ओतली.

पाणी भुसावळपर्यंत गेलं. तिथे थांबलं. जरा विचार केल्यासारखं थांबलं, आणि मागे फिरलं. बऱ्हाणपूर भरलं, रावेर भरलं, पाणी काठावरून सांडून केळीच्या पट्ट्यात पसरलं. चोपड्यापासून पुढे नदी खडखडीत कोरडी.

झुंबरबाईंनी दुसरी बादली मुद्दाम शिरपूरच्या टोकाला ओतली. ते पाणी मात्र सुसाट निघालं. पूर्वेकडे.

"आबा," झुंबरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नदी ते उलटी चालनी तुमनी!"

रुपचंद नाना नेमके तेव्हाच फाटकातून आत आले. त्यांनी पाहिलं आणि खदखदून हसले. "तोताराम, अरे सुरतवाल्यांशी तुझं काही भांडण आहे का? त्यांचं पाणीच तोडलंस की!" मग हसू आवरून मॅडमकडे वळले. "ब्लॉकवाल्याला मंगळवारचं सांगून ठेवतो."

मॅडम म्हणाल्या, "नाना, सोमवार अजून यायचाय."

आबांनी लेव्हलची नळी काढली, एक टोक बऱ्हाणपूरला धरलं, दुसरं झुंबरबाईंच्या हाती देऊन त्यांना गुजरातच्या हद्दीवर उभं केलं. नळीतलं पाणी स्थिर झालं आणि त्यांना सगळं कळलं. पूर्वेकडची बाजू तीन इंचांनी खाली होती. दहा फुटाला एक इंच, मोजून मापून, एका दोऱ्याचाही फरक नाही. काम चुकलेलं नव्हतंच. काम अगदी बरोबर झालं होतं, पण ते नकाशाचं नव्हे, मोरीचं.

चाळीस वर्षांत आबांनी दीडेकशे घरं बांधली असतील. प्रत्येक घरमालकाने त्यांना एकच गोष्ट बजावली होती, पाणी ईशान्येला काढा. अंगण असो, गच्ची असो, न्हाणी असो, उतार ईशान्येला. वास्तूचं म्हणून लोक सांगायचे, आबा करायचे. पुढे सांगायचीही गरज उरली नाही. फळी कोब्यावर फिरायला लागली की हात आपोआप त्या बाजूला दाब द्यायचा. शाळेच्या पटांगणातही हाताने तेच केलं. आबांच्या मनात तापी होती, हातात दीडशे घरांच्या मोऱ्या.

"हात चुकना मना," ते पायरीवर बसत म्हणाले. "चाळीस वरीसनी सवय शे."

"मग आते?" झुंबरबाईंनी विचारलं. "बठ्ठं फोडनं पडी का?"

सगळंच फोडायला वेळ नव्हता. फोडलं असतं तरी नवा कोबा एका दिवसात पाणी धरण्याजोगा झाला नसता. पूर्वेकडची बाजू भर घालून उचलावी, तर वाघूर आणि गिरणा यांची तोंडं नदीच्या खाली गेली असती. आबांनी विटेच्या तुकड्याने पायरीवर आकडे मांडले, पुसले, परत मांडले. मॅडम शेजारी येऊन बसल्या.

मग आबा उठले आणि शाळेबाहेर पडले. मॅडमना वाटलं, गेले घरी. पण ते घाटावर गेले होते. कुरवाड्याचा घाट साठ पायऱ्यांचा आहे. वरच्या पायरीवर उभं राहिलं की गाव, शेतं, पलीकडची खडकी, सगळं एका पातळीत दिसतं आणि पाणी दिसतच नाही. ते खाली, खोल, मातीच्या उभ्या कड्यांमध्ये असतं. आबा या पायऱ्या लहानपणापासून चढले-उतरले होते, पण त्यांनी हे कधी गवंड्याच्या नजरेने पाहिलं नव्हतं. नदीला चालायला सगळी जमीन कलती असावी लागत नाही. नदी आपल्यापुरतं खाली कापत जाते.

रविवारी सकाळी सातला आबा छिन्नी-हातोडा घेऊन पटांगणात बसले. हिशोब सोपा होता. नदीच्या तळाला पश्चिमेकडे दोन इंच उतार हवा, आणि पश्चिमेकडची जमीन आधीच तीन इंच वर. म्हणजे पूर्वेला नदी होती तशीच दोन इंच खोल ठेवायची, आणि तिथून पुढे थोडी थोडी वाढवत शेवटी सात इंचांवर न्यायची. पण कोबा होता तीनच इंच. भुसावळच्या पुढे छिन्नी कोबा फोडून मुरमात गेली आणि शिरपूरजवळ खालच्या काळ्या मातीत.

झुंबरबाई चहा घेऊन आल्या. रविवार त्यांच्या सुटीचा, पण त्या परत गेल्या नाहीत. खरडलेला मुरूम घमेल्यात भरत राहिल्या. दुपारी त्यांचं लक्ष पांझरेकडे गेलं.

"आबा, हाई काय शे? मनी पांझरा ते हवामा लटकी गई!"

खरंच. तापी खोल गेल्यामुळे पांझरेचं तोंड चार इंच वर राहिलं होतं. धुळ्याचं पाणी आता धबधब्यासारखं पडलं असतं.

"राहू द्या ना, अक्का. पोरांना धबधबा आवडेल."

"ऱ्हाऊ द्या कसं? मना माहेरनी नदी शे ती! धुयाना लोके काय म्हनतीन?"

आबांनी निमूटपणे पांझरा खोल केली. मग बोरीही करावी लागली, नाहीतर अमळनेरवाल्यांनी काय पाप केलं होतं? काळी माती ओली झाली की फुगते, म्हणून तिथे आणखी चार बोटं खोदून मुरूम ठोकला, वर लवकर धरणारा सिमेंटचा मसाला भरला. दिवस मावळेपर्यंत तळ गुळगुळीत झाला. आबांनी नळी लावून पाच ठिकाणी पातळी पाहिली. पाणी मात्र सोडलं नाही. ओल्या सिमेंटवर पाणी सोडणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं.

त्यामुळे सोमवारी चौदा शाळांचे शिक्षक, चौथीची एकतीस मुलं आणि रुपचंद नाना गोल करून उभे राहिले, तेव्हा नदी चालेल की नाही हे आबांनाही ठाऊक नव्हतं. पांढरा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. ज्योती नावाच्या एका मुलीने मॅडमच्या खुणेवर बादली ओतली.

पाणी बऱ्हाणपूरहून निघालं. भुसावळला पोचलं, जरा रेंगाळलं. नानांनी घसा खाकरला. मग पाण्याने पुढचं पाऊल उचललं, गिरणेचं तोंड ओलांडलं, चोपड्याखाली उतरलं, आणि तिथून पुढे कड्यांच्या मधून खाली खाली जात दिसेनासं झालं. वाकून पाहावं लागत होतं. मुलं गुडघ्यांवर बसली. पाणी गुजरातच्या हद्दीपलीकडच्या जास्वंदीच्या खोलगट वाफ्यात पडलं, तेव्हा एकच ओरडा झाला.

"धकस बुवा!" नाना म्हणाले. चालतंय, एवढंच. पण ब्लॉकचा विषय परत निघाला नाही.

मॅडमनी आबांना पुढे केलं. पहिली दोन वाक्यं आबा पुस्तकी मराठीत बोलले आणि अडकले. मग त्यांनी शनिवारचीच गोष्ट सांगायला घेतली, हात कसा चुकला, तापी मागे कशी फिरली. मुलं हसली, आबाही हसले, आणि त्यापुढे वीस मिनिटं कोणी हललं नाही. नदी काठापेक्षा खोल का असते, ते त्यांनी छिन्नीने दाखवलं. मागे उभ्या असलेल्या एका शिक्षकाने ते वहीत उतरवून घेतलं. आबांनी ते पाहिलं आणि तेच परत एकदा, सावकाश सांगितलं.

शेवटी ज्योतीने हात वर केला. "आबा, गोदावरी तर पूर्वेला जाते. मग तापीच पश्चिमेला का जाते?"

"उतार तिकडे आहे म्हणून."

"पण उतार कोणी दिला?"

आबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमचा आवाज एक पट्टी वर गेला. त्यांनी सांगितलं, की फार फार वर्षांपूर्वी, माणूस नव्हता तेव्हा, इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि मधली जमीन खाली बसली. तिला खचदरी म्हणतात. त्या दरीतून तापी वाहते.

मुलांचं समाधान झालं. मुलं खिचडीकडे धावली. आबांचं समाधान झालं नाही. जमीन खचते म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. काळ्या मातीत बसलेले पाये त्यांनी पुष्कळ पाहिले होते. आणि पाया बसला की पाणी वाट बदलतं, म्हणजे त्याआधी त्याची दुसरी वाट असते, हेही पाहिलं होतं.

त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडम सरळ म्हणाल्या, "मला माहीत नाही, आबा." जळगावच्या त्यांच्या जुन्या प्राध्यापकांना त्यांनी पत्र लिहिलं. उत्तर अजून यायचं आहे. तोवर आबा दर बुधवारी बाजाराची पिशवी घेऊन शाळेच्या फाटकाशी थांबतात, मुलं नकाशावर पाणी ओतत असतात ते पाहतात, आणि मॅडम बाहेर आल्या की तेच विचारतात:

"मॅडम, काही कळलं का? जमीन खचायच्या आधीही सातपुड्यावर पाऊस पडतच असेल ना? मग तेव्हा ते पाणी कुणीकडे जायचं?"