कोणाला कळायला नको

ठमीबायने किहीम, चोंढी, झिराड या पट्ट्यात किती पोरांना न्हाऊ घातलं, ते तिला कुणी विचारलं तर ती उत्तर देत नसे. पोरं मोजू नयेत, असं तिचं मत होतं. तीस वर्षं ती घरोघरी जाऊन बाळंतिणींना तेल लावायची, शेक द्यायची, बाळांना पायांवर आडवं घेऊन कढत पाण्याने न्हाऊ घालायची. बाळंतपणं अलिबागच्या दवाखान्यांत होऊ लागली तरी बाई घरी आली की दुसऱ्या दिवशी हाक तिलाच यायची.

हाक यायची ती तिच्या हातांसाठी, आणि तितकीच तिच्या तोंडासाठी. ठमीबाय बोलायची खूप. मांसाने भरलेल्या चिंबोऱ्या कुठे मिळतात, कुठल्या बंगलेवाल्याने कुणाची पायवाट अडवली, सगळं सांगायची. पण एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात तिने कधी नेली नाही. एकदा एका सासूने हळूच विचारलं होतं, "ठमे, सुनेच्या पोटावरच्या खुणा पहिलटकरणीच्याच हायेत ना गं?" ठमीबाय म्हणाली, "मला मेलीला जवळचं दिसत न्हाय." आणि तिथेच बसून बाळाचं टोपडं शिवायच्या सुईत पहिल्या फटक्यात दोरा ओवला. सासू काय समजायचं ते समजली.

तिची सून रुचिता चोंढीच्या नाक्यावर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसायची. मुलगा उरणला ट्रेलरवर, आठ-आठ दिवस बाहेर. त्यामुळे घरात सासू-सुनाच एकमेकींना. ठमीबायची रोजची सात-सात घरं झाली, वेळांचा घोळ व्हायला लागला, एका घरी पाणी तापून निवायचं आणि ही दुसरीकडेच. तेव्हा रुचिताने तिच्या फोनवर 'जुळवू' नावाचं ॲप टाकून दिलं. आपली मोकळी वेळ त्यात टाकायची, लोकांनी ती बघून भेट ठरवायची, ओळखीच्यांच्या वेळा एकमेकांना दिसायच्या. फुकट होतं.

"ते काय काय विचारतंय गं?" ठमीबायने तेव्हा विचारलं होतं.

"काही नाही आई, सगळ्यांना 'हो' म्हणायचं," रुचिता म्हणाली आणि अंगठ्याने पाच-सहा वेळा 'हो' म्हणाली.

काम खरंच सोपं झालं. सकाळी फोन टुणकन वाजायचा, रुचिता वाचून दाखवायची, की ठमीबाय पिशवीत तेलाची बाटली टाकून निघायची. सासू विसरते म्हणून रुचिता प्रत्येक घरापुढे दोन ओळी टिपून ठेवायची. टाके दुखतात. बाळाला कावीळ. दूध कमी आहे.

नवरात्रात सुचिताचा फोन आला, तो रुचिताने घेतला आणि तिला 'जुळवू'वर वेळ ठरवायला सांगितलं. सुचिता मूळची म्हसळ्याची, सासर तळा गावचं. नवरा दिपेश अलिबागला नोकरीला म्हणून दोघं तिथेच भाड्याने राहत होती. तिचं पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्याआधीही एकदा गेलं होतं, म्हणून या खेपेला दोघांनी ठरवलं होतं की पाच महिने पुरे झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही. आता सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पण अंगाला ते कळत नव्हतं. छातीत दूध उतरून ती दगडासारखी झाली होती, ताप चढला होता. दवाखान्यातल्या एका बाईने ठमीबायचं नाव सांगितलं.

ठमीबाय आठ दिवस गेली. दूध आटावं म्हणून मोगऱ्याची फुलं ठेचून छातीला बांधायची, वर जुन्या साडीचा पट्टा आवळायचा, पाठीला तेल लावायचं. सुचिता भिंतीकडे तोंड करून बोलायची आणि ठमीबाय पाठ चोळत ऐकायची. शेवटच्या दिवशी सुचिताने तिचा हात धरला.

"मावशी, तळ्याला कळता कामा नये. मीच सांगेन. पण आत्ता नाही जमत."

"माझ्याकडनं न्हाय कळायचं," ठमीबाय म्हणाली.

शिमग्याला पंधरा दिवस उरले असताना सुचिता तिच्या अंगणात उभी राहिली. रिक्षातून उतरली ती पायताण न काढता थेट पडवीत आली. ठमीबाय वाल सोलत बसली होती.

"का सांगितलंत?" सुचिता म्हणाली. "तुमचं मी काय वाईट केलं होतं?"

"काय झालं पोरी? बस आधी."

सुचिता बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं. तळ्याच्या घरी तिच्या नावाचा मोठा खोका आला होता. आत लंगोट, तेल, पावडर, बाळाचे इवलेसे मोजे आणि एक गुलाबी कार्ड: 'सुचिता, अभिनंदन! तुमच्या बाळाचं मनापासून स्वागत.' सासूबाईंनी, कमळबाईंनी, तो शेजारणींसमोर उघडला. त्यांना वाटलं, आधी एकदा गेलं होतं म्हणून पोरांनी या वेळी लपवलं आणि आता बाळ झालं. त्यांनी आनंदाने रडत फोन केला. आवाज इतका मोठा की दिपेशला बाजूच्या खोलीत ऐकू आला. मुलगा की मुलगी, एवढंच त्या विचारत होत्या. मागे बायका हसत होत्या, कुणीतरी साखर वाटत होतं.

"मग मला सांगावं लागलं," सुचिता म्हणाली. "फोनवर. त्या बायका तिथे असताना. मला, दिपेशला, डॉक्टरला आणि तुम्हाला, एवढ्यांनाच माहीत होतं, मावशी."

ठमीबायच्या हातातला वाल तसाच राहिला. "माझ्या तोंडून न्हाय गेलं," ती म्हणाली. तीस वर्षांत हे वाक्य तिला कधी म्हणावं लागलं नव्हतं, आणि म्हणताना तिचं तिलाच ते खोटं वाटलं. सुचिताने कार्ड पायरीवर टाकलं आणि ती रिक्षात जाऊन बसली.

संध्याकाळी रुचिताने कार्ड उलटंपालटं केलं. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात, लिहिलं होतं: 'जुळवू'च्या सौजन्याने.  दुसऱ्या दिवशी दुकानात ती ॲपमध्ये आत, अजून आत शिरत गेली आणि 'तुमची माहिती मागवा' असं एक बटण तिला सापडलं. ते दाबल्यावर अकराव्या दिवशी फाइल आली. तिने ती छापून घरी आणली. बासष्ट पानं होती.

दोघी पडवीत पानं पसरून बसल्या. सगळं इंग्रजीत होतं, रुचिता वाचत होती. ठमीबायच्या फोनमधले दोनशे चौदा नंबर, नावांसकट. ती कुठल्या घरात किती वाजता शिरली, किती मिनिटं थांबली, वाटेत कुठे टेकली. रतनच्या घरी एकोणचाळीस मिनिटं. देवळाच्या पारावर सहा.

"मी पारावर बसले त्ये पण?"

"ते पण."

मग एका पानावर इंग्रजीच्या मधोमध मराठी ओळ दिसली. ती ठमीबायने स्वतः, अक्षराखाली बोट धरून वाचली: 'पाचव्या महिन्यात गेलं. दूध येतंय. कोणाला कळायला नको.'

बोट त्या ओळीवरच ठेवून तिने वर पाहिलं.

"हे तू लिवलंस?"

"तुम्ही तिथे जाऊन चुकून काही बोलू नये म्हणून," रुचिता म्हणाली. "मला वाटलं आपल्याच फोनमध्ये आहे."

"आनि म्होरं काय हाय?"

"पुढे लिहिलंय, विषय: गर्भधारणा. बाळाची अपेक्षित तारीख: फेब्रुवारी. पत्ता सासरचा, तिच्या फोनमधल्या यादीतून घेतलेला. आणि कुणाकुणाला दिलं, त्या सात कंपन्यांची नावं."

"पन 'गेलं' असं लिवलंय की. त्ये न्हाय वाचलं?"

"माणसाने वाचलंच नाही, आई. मशीनने 'पाचवा महिना' एवढंच उचललं आणि पुढचे महिने मोजले."

ठमीबायने आयुष्यभर ओकाऱ्या निपटल्या होत्या, रक्ताचे बोळे स्वतःच्या हाताने धुतले होते, पू झालेले टाके पुसले होते, आणि तेच हात धुऊन त्याच घरात भाकरी खाल्ली होती. अंगातून निघतं त्याची कसली शिसारी, असं ती म्हणायची. त्या दिवशी मात्र त्या कोऱ्या करकरीत कागदांना लागलेले हात तिला कशालाच लावावेसे वाटेनात. ती उठली, मोरीवर गेली आणि राखेने कोपरापर्यंत हात घासले. घासून झाले तरी पुन्हा घासले.

रुचिताशी ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लाव त्यांना फोन."

'जुळवू'च्या मदतीच्या नंबरवर पाऊण तास गाणं ऐकल्यावर पलीकडे एक गोड आवाज आला. नाव हेतल. रुचिताने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"मॅडम, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

"भावना ऱ्हाऊ दे. त्या पोरीची गोष्ट तुम्ही इकली."

"नाही मॅडम, आम्ही माहिती कधीच विकत नाही. विश्वासू भागीदारांबरोबर फक्त शेअर करतो. तुम्ही परवानगी दिली होती, आमच्याकडे तारीख-वेळेसकट नोंद आहे."

"मी दिली. तिनं कुठं दिली?"

"त्यांनी भेट ठरवताना अटी मान्य केल्या होत्या."

"तिला ताप होता गं त्या दिवशी. अटी कुठनं वाचणार ती?"

पलीकडे टकटक ऐकू आली, हेतल काहीतरी टाइप करत होती. "मी तुमची तक्रार नोंदवली आहे, मॅडम. आणखी काही मदत करू शकते का?"

"बाय, तुला पोरं हायेत?"

हेतलचा आवाज पहिल्यांदाच कोरडा झाला. "सॉरी मॅडम, हा प्रश्न वैयक्तिक आहे."

ठमीबायने पडवीच्या कडेला जाऊन पचकन थुंकलं. फोन ठेवल्याठेवल्या संदेश आला: आमच्या सेवेला किती तारे द्याल?

रुचिताने ॲप काढून टाकलं. पण ठमीबायचं तेवढ्याने भागेना. फाइलमध्ये सुचिताखेरीज चाळीस घरं होती. ती पायी निघाली. रोज काम आटपलं की तीन-चार घरं, त्या त्या घराचं पान पिशवीत घडी करून. दारात उभी राहून सांगायची, "माझ्या फोनातनं तुमचं हे हे भाईर गेलं. मला ठावं नव्हतं, पन गेलं माझ्याकडनंच."

शाळेतल्या एका बाईंनी पान वाचलं आणि काही न बोलता दार लावून घेतलं. तीन घरांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते तिला लागलं, पण पटलं. तिला सोसवेना ते बाकीच्यांचं. रतन हसून म्हणाली, "मावशी, आजकाल सगळ्यांचंच सगळं जातंय. एवढं काय?" दुसरीने कपाटातून मलमाची बाटली आणून दाखवली. "हे त्यांनीच धाडलं व्हय? चांगलं हाय की. फुकट आलं." आणि त्यातलंच बोटभर मलम तिने बाळाच्या मांडीला लावलं.

सुचिताच्या घरी ती सगळ्यात शेवटी गेली. दिपेशने दार उघडलं, पान घेतलं, आत या म्हणाला नाही. पाठीमागे सुचिता उभी होती. ठमीबाय एवढंच बोलली, "लिवलं माझ्या सुनेनं. ठेवलं माझ्या फोनात. तुझा राग खरा हाय." आणि बसथांब्याकडे वळली.

दिपेश ते पान घेऊन पोलिसांकडे गेला. तिथल्या साहेबाने विचारलं, पैसे गेले का. नाही म्हटल्यावर त्याने पान परत केलं. "मग तुमचं गेलं काय?" असं तो म्हणाला, हे दिपेशने घरी येऊन सांगितलं. मग सुचिताने स्वतः बसून 'जुळवू'विरुद्ध तक्रार लिहिली. साक्षीदार म्हणून ठमीबायची सही हवी होती. म्हणून चैत्रात एका दुपारी सुचिता पुन्हा त्या पडवीत आली. या वेळी बरोबर कमळबाई होत्या, बोटभर पदर तोंडाशी धरून, परक्या दाराशी आल्यासारख्या अवघडून.

ठमीबायने सही केली. एकेक अक्षर सावकाश काढून, पूर्ण नाव. रुचिता पाणी आणायला आत गेली. सुचिता कागद घडी करत होती. तेवढ्यात कमळबाई एकदम बोलल्या.

"तुमी अंगाला हात लावलाय तिच्या. तुमाला सांगितलं आसंल तिनं. आमाला काय इचारवत न्हाय." त्यांनी आवंढा गिळला. "पोरगा व्हता का पोरगी?"

सुचिता ठमीबायकडे बघत होती, टक लावून.

ठमीबायला माहीत होतं. आठ दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी, भिंतीकडे तोंड करून, सुचिताने सांगितलं होतं.

"त्ये तुमी तिलाच इचारा, वैनी," ती म्हणाली. "मी न्हाय सांगायची."

सुचिताने घडी केलेला कागद मांडीवर ठेवला. मग तिने सासूचा हात हातात घेतला.

"मुलगी होती, आई."

कमळबाईंनी मान हलवली. मग सुनेला जवळ ओढून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. ठमीबाय उठली आणि त्या दोघींना तिथे ठेवून आत गेली. आत रुचिता पाण्याचे पेले भरून तशीच उभी होती, रडत. ठमीबायने तिच्या हातातले पेले काढून घेतले, ओट्यावर ठेवले. हेच बोलणं कधीतरी तळ्याच्या घरात झालं असतं, सुचिताच्या मनात येईल तेव्हा, तिच्या शब्दांत. शेजारणींसमोर नाही, कुणाच्या पाठवलेल्या मोज्यांपायी नाही.

"मेल्यांनी तेवढं पण ठेवलं न्हाय तिला," ती म्हणाली, आणि चहाचं आधण चढवलं.