सहकार्य : पुअर

किस्से कुठं जमतात म्हणाल, तर जिथं माणसाले वीस मिनिटं हलता येत नाही तिथं. अमरावतीच्या फिजिओथेरपी कॉलेजात खालच्या मजल्यावर ओपीडी आहे. सहा पलंग. प्रत्येक पलंगावर एक जण, त्याच्या गुडघ्याले नाही तर कमरेले मशीनचे पॅड लावलेले, अन् मशीन वाजेपर्यंत उठायचं नाही. मोबाईलची रेंज तिथं येत नाही. मंग माणूस काय करन? बोलन.

आता तुमी म्हणान, तू तिथं शिकाले होता का? नाही. मी शिकवाले होतो. म्हणजे माह्या गुडघ्यावर बाकीचे शिकत. दहावीच्या गणितानं मले दोनदा वापस पाठोलं, पण सहा महिने डॉक्टर लोक माह्याभोवती वह्या घेऊन उभे राह्यले. घरी सांगतलं तर कोणी मानत नाही.

*

गुडघा कसा मोडला ते पयले सांगून टाकतो, नाही तर जो भेटते तो तेच इचारते.

दर्यापूरच्या स्टँडवर शेअर जीप भरल्याशिवाय निघत नाही. एक दिवस म्या वावरातलं बुजगावणं आणलं, त्याले आबाचा शर्ट अन् टोपी घातली, अन् मागच्या सीटवर खिडकीपाशी बसवलं. ड्रायव्हर आला. वाकून पाह्यलं अन् म्हणे, "काका, जरासे सरका, तिघं बसतात तिथं."

काका सरकेना. त्यानं तीनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हणे, "ऐकू कमी येते का हो?"

मी वर कॅरिअरवर पालथा पडून हे पाहून राहिलो होतो. एवढा हासलो का सरळ खाली आलो.

दवाखान्यात नेलं ते त्याच जीपमधी. माह्या बाजूले कोण बसलं होतं ते काय सांगू. तवाही सरकलं नाही.

*

ऑपरेशन झालं, स्क्रू बसले, अन् गुडघा कुलपासारखा बंद. रोजची एसटी जमत नव्हती म्हणून मले अमरावतीतच राजापेठेत आत्याकडं ठेवलं. आत्याचं तिथं भाजीचं दुकान.

कॉलेजात माही केस स्नेहलताईले भेटली. ताई दर्यापूरचीच. फिजिओची डॉक्टर झालेली, अन् आता एमपीटीच्या शेवटच्या वर्षाले, म्हणजे मोठी डॉक्टर होऊन राहिली होती. पयल्या दिवशी तिनं इचारलं, "दुखते का?" अन् हात पुढं केला.

म्या जोरात "मेलो वं माय" म्हटलं. ताई तीन फूट मागं गेली. बाजूच्या पलंगावरच्या आजोबाचे पॅड निघाले.

"अरे, मी अजून हात लावलाच नाही."

म्या म्हटलं, "ताई, ॲडव्हान्समधी दिलं."

तिथं प्रत्येक पेशंटची फाईल राहते. तिच्यात शेवटी एक रकाना: पेशंटचं सहकार्य. गुड, फेअर, का पुअर. ताईनं माह्याकडं न पाहता 'पुअर'वर टिक मारली. म्या म्हटलं, "ताई, फेअर तरी करा." म्हणे, "ॲडव्हान्समधी दिलं."

तवा समजलं का हिच्यासंगं जमन आपलं.

*

पण ताईची एक अडचण होती, अन् ते साऱ्या कॉलेजाले माहीत होती. तिले सगळं येत होतं. पेशंटले ती घंटाभर समजावून सांगे. पण समोर कोणी मोठं माणूस उभं राहून प्रश्न इचारला का तिची बोलती बंद.

एकदा सेमिनारमधी हेड मॅडमनं तिले इचारलं, "स्नेहल, माणूस चालताना पहिल्यांदा जमिनीला काय टेकतं?" ताई उभी राह्यली. पंखा फिरून राहिला. मिनिटभरानं ताई म्हणे, "गुड आफ्टरनून, मॅडम." अन् खाली बसली.

मांगच्या परीक्षेत असंच झालं. बाहेरगावचे सर आले, ताई गप्प झाली, नापास. सहा महिने वाया गेले. अन् तिच्या बाबानं त्याच्या आधीच तिच्या दवाखान्याचा बोर्ड रंगवून ठेवला होता. दर्यापूरच्या स्टँडजवळ गाळा पाह्यलेला, बोर्डावर निळ्या अक्षरात ताईचं नाव. तो बोर्ड मंग घरी सोयाबीनच्या पोत्यांमांगं ठेवला, तोंड भिंतीकडं करून. पाहुणे आले का बाबा त्याच्यावर पोतं टाकत.

ताईनं मले हे सांगतलं ते माहा गुडघा वाकवता वाकवता. म्हणे, "आता या वेळेस गप्प राह्यली, तर बाबा त्याच्यावर दुसऱ्याचं नाव रंगवतीन."

म्या पलंगाची कड घट्ट धरली. एक तर वाईट वाटलं, अन् दुसरं, गुडघा बम दुखून राहिला होता.

*

ताईच्या मांगच्या वर्गात अकोल्याचे हर्षल सर होते. सर म्हणजे माह्याहून पाच-सहा वर्षानं मोठे. अकोल्याच्या उन्हाचा त्यायले भारी अभिमान. "हे काय ऊन आहे? अकोल्याले या." जसं काही ऊन त्यायच्या घरी तयार होते.

एक दिवस ताई सुट्टीवर होती, म्हणून माहा गुडघा मोजाले हर्षल सर आले. गुडघा मोजाची एक पट्टी राहते, दोन पाय असलेली, कंपासमधल्या कोनमापकाची मोठी बहीण. ते येयाच्या आधी म्या नी-कॅप मोडक्या पायातून काढून चांगल्या पायात घातली. एवढंच केलं.

सर म्हणे, "वाकव." म्या वाकवला. टाच पार ढुंगणाले लागली.

सरायनं पट्टी लावली. परत लावली. फाईल पाह्यली, काल साठ अंश लिवलं होतं. आज एकशे चाळीस. त्यायच्या कपाळावर घाम आला, अकोल्याचा माणूस असून. म्हणे, "काल घरी काय केलं तू?"

म्या म्हटलं, "आत्यानं तेल लावून देल्लं."

"कोणतं तेल?"

सर पळत हेड मॅडमकडं गेले. वर्गातले आठ जण घेऊन मॅडम खाली आल्या. त्यायनं सरळ नी-कॅप खाली ओढली. टाक्याचा एकही वण नाही.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हर्षल, दोन्ही पाय उघडे करून तुलना करायची, हे पहिल्या वर्षाला शिकवतो आपण. या पेशंटला दोन पाय आहेत, हे तरी लिहिलंस का?"

सरायनं महिनाभर माह्याशी बोलणं टाकलं. पण तेलाचं नाव मातर नंतर गुपचूप इचारून गेले.

*

हर्षल सरायचाच दुसरा किस्सा. हे पोरं एकमेकाच्या अंगावर स्केचपेननं हाडं काढतात. कोणतं हाड चामड्याखाली कुठं आहे ते पाठ होयाले. एक दिवस सरायच्या पाठीवर पूर्ण कणा काढला, एकेका मणक्याले नंबर घालून. सी सात, टी एक, टी दोन, असं करत करत कमरेपर्यंत.

स्केचपेनच्या डब्यात नेहमीच्या पेनांत एक परमनंट मार्कर कसा आला, ते मले माहीत नाही. मले इचारू नका.

सर त्याच संध्याकाळी चुलतभावाच्या हळदीले अकोल्याले गेले. नवरदेवाले हळद लागल्यावर बाकीच्या पोट्ट्यायलेही लावतात, तसा बायांनी सरायचाही शर्ट ओढला. अन् साऱ्या बाया थांबल्या. एका मावशीनं चष्मा लावून वरून खालपर्यंत सगळं वाचलं अन् सरायच्या आईले म्हणे, "कावून वं, हरवते का हा? पत्ता लिवून पाठोला."

*

आता आत्याचा. ताईच्या वर्गाले पेशंटसारखं चालून पाहा लागे. लकवा झालेला माणूस पाय कसा ओढते, ते स्वतः चालल्याशिवाय समजत नाही म्हणे. ताई मोठी सिन्सियर. ती कॉलेजातून रूमवर जातानीही राजापेठेतून तसंच चाले, एक पाय गोल फिरवत.

आत्याच्या दुकानावर थांबली. आत्याले ती कोण माहीत नव्हती. आत्या म्हणे, "काय झालं वं पोरी? एवढ्या तरण्या वयात." अन् मेथीची एक जुडी जास्तीची टाकली. "हे खा. लोखंड असते त्याच्यात."

ताई लाजली, मेथी घेतली अन् तशीच पाय फिरवत निघून गेली. दुसऱ्या दिवशी कंटाळा आला म्हणून साधी चालत गेली.

आत्यानं सारी गल्ली गोळा केली. आता आमच्या दुकानात गुडघ्याची मेथी वेगळी ठेवा लागते. म्या आत्याले खरं काय ते सांगतलं, तर म्हणे, "गप रे. तुह्या डॉक्टरनीले काय समजते मेथीतलं?"

*

चांदूर बाजारले कॉलेजाचं शिबिर होतं. ताईनं मले नमुना म्हणून नेलं. तिथं एक आबा आले. ताईनं नेहमीचं इचारलं, "आबा, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?"

आबानं इकडंतिकडं पाह्यलं. "नऊ."

ताईनं लिवलं. आबा वाकून पाहून राहिले होते. म्हणे, "जास्त होते का? आठ लावा."

"तसं नाही आबा, जेवढं दुखते तेवढं सांगा."

"बरं, साडेसात. याच्या खाली नाही जमत, पोरी. घरून निघतानीच मले दहा होतं."

ताईनं साडेसात लिवलं.

पंधरा दिवसानं तिथं परत शिबिर लागलं, तवा मांगच्या वेळच्या एक काकू वापस आल्या. ताईनं त्यायले गुडघ्याचा व्यायाम शिकवला होता: खुर्चीवर बसून पाय सरळ, दहा वेळा, दिवसातून तीनदा. ताई म्हणे, "काकू, केला का व्यायाम?"

"हाव, एकही दिवस नाही चुकला."

"मंग फरक?"

"काहीच नाही बाई."

ताई घाबरली. म्हणे, "कसा करता ते दाखवा बरं."

काकू म्हणे, "मले कुठं सवड आहे? म्या सुनेले लावून देल्लं. तिचा गुडघा एक नंबर झाला."

*

अन् आता परीक्षेचा.

परीक्षेच्या दिवशी सहा पेशंट बसवले होते अन् कोणाले कोणता पेशंट ते चिठ्ठी टाकून. ताईले मी निघालो. आईशप्पथ, चिठ्ठ्यायले म्या हात लावला नव्हता. जल्मात पयल्यांदा काही केलं नाही, अन् पयल्यांदाच मनासारखं झालं.

बाहेरचे सर पुण्याकडचे होते. बारीक चष्मा, आवाज एकदम हळू. हेड मॅडम बाजूले. सर म्हणे, "या पेशंटला जिना उतरायला शिकवा. आणि शिकवताना काय, का, ते मला सांगत चला."

ओपीडीत चार पायऱ्यांचा एक लाकडी जिना आहे, कुठंच न जाणारा. वर चढायचं अन् खाली उतरायचं. मी काठी घेऊन वर जाऊन उभा राह्यलो. नियम मले झोपेतही पाठ होता, ताईनं हजार वेळा सांगतला होता: चढतानी चांगला पाय पयले, उतरतानी मोडका पाय पयले. "चांगला सर्गात, मोडका नरकात."

ताई खाली उभी. तोंड उघडलं. बंद केलं.

सर म्हणे, "हं, सांगा."

काही नाही. पंखा फिरून राहिला. ताईचे कान लाल झाले. मले वाटलं आता ती गुड आफ्टरनून म्हणते. सरायनं पेनाचं टोपण काढलं अन् कागद पुढं ओढला.

माह्या डोळ्यापुढं तो भिंतीकडं तोंड केलेला बोर्ड आला.

म्या कठडा सोडला, काठी वर उचलली, अन् चांगला पाय पयले खाली टाकला.

"ए बयताडा!" ताई वरडली. सारी ओपीडी हालली. "चांगला पाय कावून टाकला पयले? सांगतलं होतं का नाही?" दोन उड्या मारून तिनं माह्या कमरेचा पट्टा धरला. "आता सगळं वजन त्या मोडक्या गुडघ्यावर आलं ना. वाकवून वजन धराची ताकद आहे का त्याच्यात?"

मांगून हळूच आवाज आला, "का नाही ताकद?"

"कशी राहीन?" ताई माह्याकडंच पाहून बोलून राहिली होती. "दोन महिने पाय बांधून ठेवला होता, मांडीचा पुढचा स्नायू सुकला. पाह्य, या मांडीपेक्षा ही मांडी तीन सेंटिमीटर कमी आहे."

"कुठून मोजलं?"

"वाटीच्या वर पंधरा सेंटिमीटर! रोज मोजतो का नाही आपण? अन् काठी कावून उचलली वर? काठी कोणत्या हातात पाह्यजे?"

"कोणत्या?"

"चांगल्या पायाच्या बाजूनं!"

"आणि गुडघा किती वाकतो आता?"

"एकशे दहा! अन् हा म्हणते, मी पुढच्या महिन्यात कॅरिअरवर चढतो!"

सर एकेक प्रश्न सोडत गेले, अन् ताई एकेक उत्तर माह्या तोंडावर मारत गेली. म्या मान खाली घालून ऐकलं. असं बोलणं खाल्लं नाही मी कधी, घरीही नाही. मोडक्या पायात कळ आली ते वेगळीच. हेड मॅडम खिडकीतून बाहेर पाहून राहिल्या होत्या, अन् बाहेर पाह्यासारखं काही नव्हतं.

मले खाली उतरवून खुर्चीवर बसवलं, तवा ताईले आठवलं का आपण कुठं आहो. ती वळली. चेहरा पांढराफटक.

सर बराच वेळ लिवत राह्यले. मंग चष्मा काढून पुसला. एकदा माह्याकडं पाह्यलं, एकदा त्या जिन्याकडं.

"शेवटचा प्रश्न," सर म्हणे. "पेशंट सहकार्य करतो का?"

ताईनं माह्याकडं पाह्यलं. मी काठीकडं पाह्यलं.

"नाही सर," ताई म्हणे. "बिलकुल नाही."

*

दर्यापूरच्या स्टँडजवळ आता तो बोर्ड लागला आहे, रस्त्याकडं तोंड करून. गुडघा तपासाले म्हणून मी मांगच्या आठवड्यात गेलो होतो. ताईनं नवीन फाईल काढली. नाव लिवलं, गाव लिवलं, अन् गुडघ्याले हात लावाच्या आधीच शेवटच्या रकान्यावर गेली.

म्या वाकून पाह्यलं. पुअर. खाली दोन रेघा.