पावडरचा फेस

आधी लाजवंतीदीदींचं नाव लिहितो, मग बाकीचं. उल्हासनगर कॅम्प एकला त्यांच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मी आणि गोपाळअण्णा भाड्यानं राहायचो. खाली दीदी पापड लाटायच्या, वर आमच्या दारासमोर ते वाळत पडायचे. अण्णाला पहिल्यांदा लॅबमध्ये नेलं ते दीदींनी, दवाखान्यात त्याच्या उशाशी बसल्या त्याही दीदीच, आणि तो गेल्याचं मला सांगायलाही त्याच आल्या. मी अंबरनाथच्या पुढं, बदलापूरकडं जाताना लागणाऱ्या जीन्स धुलाईच्या शेडमध्ये मशीन खाली करत होतो. दीदी रिक्षातून उतरल्या तेव्हा त्यांच्या हाताला उडदाचं पीठ तसंच होतं, पायात घरातली चप्पल. एवढ्या वर्षांत त्या कधी शेडवर आल्या नव्हत्या. मी मशीन बंद केली. त्या एवढंच म्हणाल्या, "पुट, हात धो ले." सिंधीत पुट म्हणजे मुलगा. मी हात धुतले. जीन्सचा निळा रंग काही धुतल्यानं जात नाही, तरी मी धुतच राहिलो… कारण हात धुऊन झाले की त्या पुढचं सांगणार, हे मला कळलं होतं.

याला आता सव्वा महिना झाला. माझी सातवी झालेली आहे, पेपरात लिहायची सवय नाही. पण अण्णाबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे आणि ज्यानं त्याला मारलं त्याच्याबद्दलही लिहायला पाहिजे. मी 'मारलं' हाच शब्द वापरणार. डॉक्टर वापरत नाहीत, तो त्यांचा प्रश्न.

आमचं गाव जिंतूरच्या पुढं. अण्णा माझा सख्खा भाऊ नव्हे, आमच्या गल्लीतला. तो आधी इकडं आला, मग मला घेऊन आला. मी सारखा घाबरणारा माणूस, इथलं हिंदी कानावर पडलं की मी अण्णाच्या मागं जाऊन उभा राहायचो. पहिल्या दिवशी अण्णा मला म्हणाला होता, "कुणी काय बी विचारलं तर हां सेठ म्हण अन् काम कर, आठ दिवसांत तुलाच सेठ वाटंल." त्यानं मला मशीन शिकवली. ओली जीन्स कशी उचलायची म्हणजे कंबर धरत नाही तेही शिकवलं, पण ते कुणालाच खरं जमत नाही. शंभरएक ओल्या पँटींचा लगदा ड्रममधून उपसायचा म्हणजे कंबर जातेच. अण्णाचीही गेली होती.

कंबरेवर आमच्या शेडमध्ये एक औषध होतं. मास्टरच्या टेबलावर एक बरणी असायची, पूर्वी पेपरमिंटची असावी, तिच्यात दुखण्याच्या लाल गोळ्या. मास्टर म्हणजे आमच्यावरचा माणूस, कोणत्या मालाला किती ब्लीच, कुणाला ओव्हरटाइम, सगळं तोच ठरवायचा. दुपारच्या चहाबरोबर तो बरणी फिरवायचा. ज्यानं गोळी उचलली तो संध्याकाळी थांबणार, असा तिथला रिवाज. उचलली नाही त्याला मास्टर म्हणायचा, "जा बाबा, आईच्या कुशीत जा." अण्णा रोज उचलायचा. मला मात्र गोळीनं पित्त व्हायचं, म्हणून मी क्वचितच घ्यायचो आणि रोज आईच्या कुशीत जायचो.

आता फेसाचं सांगतो, कारण सगळं तिथंच चुकलं. धुलाईच्या शेडमध्ये फेस ही काही बघण्यासारखी गोष्ट नसते. नाल्यात फेस, गटारात फेस, बुटात फेस. आमची मुतारी त्याच गटारावर, पावडरचं पाणी सुटलं की खालून फेस वर यायचा. त्यामुळं अण्णाच्या लघवीला फेस येतोय हे अण्णाला किती दिवस कळलंच नाही. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाला कळलं असतं, शेतातल्या माणसाला तर नक्कीच. खोलीवरच्या संडासातही फेस दिसायला लागला तेव्हा तो हसून म्हणाला, "पावडर अंगातच मुरली रे. आपण बी आतून धुतले जाऊलोत." मीही हसलो. आम्हाला ते खरंच वाटत होतं, की दिवसभर पावडरच्या वाफेत उभं राहिल्यावर थोडी आत जाणारच आणि बाहेर येणारच.

मग तो चुलत बहिणीच्या लग्नाला गावाकडं गेला. पहाटे शेताच्या कडेला बसला आणि काळ्या कोरड्या मातीवर फेस उभा राहिला, निरशा दुधावर येतो तसा. तो बराच वेळ विरला नाही. तिथं ना पावडर, ना गटार. परत आल्यावर त्यानं मला ते सांगितलं तेव्हा पहिल्यांदा हसला नाही. दुसऱ्या दिवशी गमबूट हातात घेऊन तो मास्टरच्या दारात उभा राहिला. बूट हातात, कारण पाय सुजून आत जात नव्हते. ओल्यात उभं राहून सुजलेत असं आम्ही धरून चाललो होतो. अण्णानं विचारलं, लघवीला फेस येतोय, काय असेल. मास्टर मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "काही नाही रे, पावडरचा फेस. आणि तुझी बाटली तपासली होती ना मागे? चांगली आली होती ना?"

खरंच आली होती. त्याच्या वर्षभर आधी, ज्यांचा माल आम्ही धुतो त्या मोठ्या पार्टीनं कामगारांची तपासणी मागितली होती. सगळ्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या मिळाल्या. आम्ही लघवी भरून मास्टरच्या केबिनबाहेर ठेवल्या. चार दिवसांनी मास्टरनं सांगितलं, सगळे फिट. त्यामुळं अण्णा मास्टरच्या त्या उत्तरावर समाधानानं दारातून परत आला. ब्लेडनं गमबुटाची वरची कड उभी चिरली, पाय आत घातला आणि कामाला लागला. दुपारी बरणी आली तेव्हा गोळीही उचलली.

दीदींनी ते पायावरून ओळखलं. गच्चीवर पापड उलटायला आल्या होत्या. अण्णा आमच्या उंबऱ्यावर बसलेला, सकाळची वेळ, डोळ्यांखाली फुगलेलं. दीदी त्याच्यासमोर खाली बसल्या आणि काही न विचारता त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. त्यांच्या मिस्टरांचं असंच झालं होतं. म्हणाल्या, "उद्या सकाळचा पहिला पेशाब, बाहेर फेकायचा नाही, बाटलीत. मी येते सोबत." अण्णा लाजला. दीदी म्हणाल्या, "शरम नंतर कर, आधी जिंदा राह."

लॅब कॅम्पातच होती. तिथल्या मुलीनं बाटलीत एक कागदाची बारीक पट्टी बुडवली. पट्टीवरचा चौकोन पिवळा राहायला हवा असतो. तो हिरवा झाला, गडद हिरवा, आमच्या समोर. एवढंच असतं ते. सुई नाही, मशीन नाही, एक पट्टी आणि एक रंग. नंतर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की किडनी ही चाळणी आहे. चांगल्या चाळणीतून प्रोटीन खाली पडत नाही, फाटायला लागली की पडतं. चाळणी फाटताना दुखत नाही, म्हणून माणूस येतो तेव्हा फार थोडी उरलेली असते. फेस आला म्हणजे रोगच असं नाही, म्हणाले, पण आला आणि राहिला तर तपासायचं. अण्णाचं बीपीही वाढलेलं होतं, ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. रोजच्या लाल गोळ्यांचंही मी त्यांना सांगितलं. गोळ्यांनीच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण आधीच फाटक्या चाळणीवर रोज घाव घातले गेले, असं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, याआधी लघवी कधी तपासली नव्हती का. मी सांगितलं, तपासली होती साहेब, वर्षापूर्वी, एकदम चांगली आली होती. डॉक्टर म्हणाले, "एवढं बिघडलेलं काही एका वर्षातलं वाटत नाही. ती बाटली याचीच होती का?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. शेडवर गेल्यावर मी इस्त्रीवर असणाऱ्या शकीलभाईला विचारलं. तो आधी हसायला लागला, त्याला वाटलं मी जुना जोक काढलाय. म्हणाला, "अरे, वो सब मेरा था. कोई बोतल में नील गिरा था, किसी में झाग. मास्टर बोला पार्टी लफडा करेगी, शेड देखने आएगी. सब नाली में डाल दिया. मेरेको जग भर पानी पिलाया और बोला, भर दे." सांगता सांगता त्याला माझ्या तोंडाकडं बघून काहीतरी कळलं आणि तो थांबला. इस्त्रीखाली पँट करपायला लागली होती…

झाग म्हणजे फेस. ती फेसाची बाटली कुणाची होती ते मला माहीत आहे. ती बाटली लॅबपर्यंत गेली असती तर एक पट्टी हिरवी झाली असती. अण्णाच्या हातात एक वर्ष पडलं असतं, बीपीची गोळी चालू झाली असती, लाल गोळी बंद झाली असती. वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण ते वर्ष त्याचं होतं. मास्टरनं ते गटारात ओतलं.

मी अण्णाला सांगितलं, डायलिसिसच्या खाटेवर. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "म्हणजे शकीलचं मूत लई झ्याक हाय म्हण." मग छताकडं बघत म्हणाला, "मास्टरला म्हणावं, माझी बाटली परत दे." त्यानंतर त्या विषयावर तो कधी बोलला नाही. मी मात्र रोज तेच ऐकतो.

त्या दिवसांत दीदींनी त्याच्यासाठी बिनमिठाचे पापड केले. सिंधी घरात पाहुणा आला की पाण्याबरोबर पापड देतात, आणि अण्णा दवाखान्यातून आला की दीदी पाहुण्यासारखंच त्याच्यासमोर ताटली ठेवायच्या. डॉक्टरांना विचारूनच, एखादा, भाजलेला. "दीदी, हे पुठ्ठा खाल्ल्यागत लागतंय," असं म्हणून अण्णा तो पूर्ण खायचा. त्याचा वेगळा गोल डबा होता. मलाही दीदींनीच लॅबमध्ये नेलं. माझी पट्टी पिवळी राहिली तेव्हा मी तिथंच रडलो, आणि दीदी त्या मुलीला म्हणाल्या, "इसको पाणी दे, हा पास झाला म्हणून रडतोय." अजूनही रोज सकाळी मी वाकून बघतो, फेस किती, किती वेळ राहतो. ही भीती आता जाणार नाही.

अण्णा गेल्यावर मास्टर भेटायला आला होता. फळांची पिशवी, डोळे पुसले, दीदींचा पापड कडकड वाजवून खाल्ला. जाताना म्हणाला, "तब्येतीकडे लक्ष दिलं नाही बिचाऱ्यानं." मी मान हलवली. मी भित्रा आहे, सातवी शिकलेला आहे. पण मी शेड सोडली नाही. लोक म्हणाले, कसा जातोस तिथं. मला मास्टरच्या डोळ्यांसमोर राहायचं होतं. अण्णाचे चिरलेले गमबूट मीच घालतो आणि मुद्दाम मास्टरच्या टेबलासमोरून जातो.

मागच्या आठवड्यात त्यानं मला थांबवलं. बरणीतून तोही वर्षानुवर्षं खातोय, त्याची मान दुखते. सकाळी त्याचे डोळे फुगलेले असतात, हे मी आधीच बघितलं होतं. मोजे काढले की पायावर वळ किती वेळ राहतो, तेही. आवाज खाली आणून म्हणाला, "अरे, तुझ्या अण्णाला लघवीला फेस यायचा ना? मला पण हल्ली…" मी त्याच्याकडं नीट बघितलं. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा भीती वाटली नाही. म्हणालो, "काही नाही मास्टर, पावडरचा फेस."

त्याला आठवलं की नाही ठाऊक नाही. पण तो चहा तसाच ठेवून बसून राहिला. मला बरं वाटलं. हे लिहितानाही बरं वाटतंय, आणि ते मी लपवणार नाही.

दीदींना सांगितलं तेव्हा त्यांनी लाटणं खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत. आत जाऊन अण्णाचा गोल डबा आणला, त्यात बिनमिठाचे पापड उरलेले होते, आणि माझ्या हातात दिला. "हे त्याला नेऊन दे. आणि सांग, सकाळचा पहिला पेशाब. नेहमी विचारतोस ना, दीदी, तुमचं कसं फेडू? असं फेड."

दीदींचं असं काही आहे की त्यांना नाही म्हणता येत नाही. मी नाही म्हणालो नाही. डबा खोलीत फळीवर आहे, अण्णाच्या चादरीच्या शेजारी. झाकण उघडलं की उडदाचा वास येतो, आणि त्याच्या मागं अण्णाचं ते पुठ्ठा खाल्ल्यागत. हे ज्यात छापून येईल ती रविवारची पुरवणी मास्टर सोमवारी जेवणाच्या डब्याखाली अंथरतो, जेवता जेवता वाचतो. वाचलं तर वाचलं, तोंडानं मी अजून सांगणार नाही.

दीदी, तुमचं मी फेडीन. एक दिवस हा डबा नेऊन त्याच्या टेबलावर ठेवीन, त्या बरणीच्या शेजारी, आणि तुम्ही सांगितलंय ते अक्षर न अक्षर त्याला सांगीन. फक्त त्याला आधी दुसऱ्यांदा विचारायला येऊ दे… अण्णा गेला होता तसं, बूट हातात घेऊन, दारात उभं राहून.