आत्याने घासलेला कठडा

माझ्या आत्याला धूळ सहन होत नाही आणि लाकडावरचा ओरखडा तर मुळीच नाही. फर्निचरच्या दुकानात पॉलिश करण्यात तिचा जन्म गेला. आमच्याकडे आली की चहा येईपर्यंत खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवत बसते, म्हणून आई चहा जरा घाईनेच आणते.

तिचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, गावच्या दीपस्तंभावर दिवेवाले होते. पुढे दिवा आपोआप लागू लागला, आतोबा घरी बसले आणि दीपस्तंभाला कुलूप लागलं. मग हळूहळू त्यांची नजर गेली, आणि हा माणूस पक्का घरकोंबडा झाला. फिरायला चला म्हटलं की म्हणायचे, "कशाला? पडायला?" आत्या चिडली, रुसली, एकदा तर जेवणार नाही म्हणाली. ते शांतपणे म्हणाले, "बरं, मग मीही उपाशी." त्यांच्यापुढे तिची मात्रा चालेना. दिवसेंदिवस ते कमी बोलू लागले आणि आत्या मनातून घाबरली.

अशात गावातल्या हौशी मंडळींनी दीपस्तंभ दुरुस्त करायला घेतला. एक न्हावी, एक सुतार, शाळेतल्या निवृत्त बाई आणि असेच रविवारी घरी न टिकणारे आणखी काही जण. धक्क्यावरची जुनी घंटा त्यांनीच घासून पुन्हा टांगली होती. आत्या त्यांच्यात गेली ती वारसा जपायला वगैरे नव्हे. तिने आतोबांना विचारलं होतं, "दीपस्तंभ उघडला तर चढाल?" आणि ते म्हणाले होते, "तिथं चढेन. तिथं मला डोळे लागत नाहीत." एवढ्या एका वाक्यावर तिने कंबर कसली.

तिच्या वाट्याला जिन्याचा रुंद लाकडी कठडा आला. खाऱ्या हवेने तो काळवंडला होता. प्रत्येक वळणावर त्यात खोल खाचा पडलेल्या. भुसा आणि सरस कालवून आत्याने त्या अशा बेमालूम बुजवल्या की सुतारालाही त्या सापडेनात. वरून पॉलिशचे हातावर हात. सगळ्यांनी कौतुक केलं आणि आत्याचे पाय काही जमिनीवर राहिले नाहीत.

दीपस्तंभ खुला करायच्या दिवशी आतोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. पहिला मान त्यांचाच, असं बाईंनी आधीच ठरवलं होतं. ते पुढे, त्यांच्यामागे आत्या, मग मी आणि सुतार, आणि आमच्यामागे अख्खं गाव. आतोबा कठड्यावर हात ठेवून झपझप चढले आणि पहिल्याच वळणावर थांबले. हात पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"वळण कुठंय?"

"हेच की," आत्या म्हणाली.

"हे नव्हे. वळणावर मी दिव्याच्या तेलाचा डबा कठड्यावर टेकवायचो. त्याच्या खाचा आहेत." ते कठडा चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, "चल, खाली जाऊ. घरी जाऊ."

आता हे घरी गेले तर पुन्हा बाहेर पडायचे नाहीत, हे आम्हा दोघींना कळत होतं.

"अहो, खाचा मी बुजवल्या," आत्या म्हणाली.

"का?"

"वाईट दिसत होत्या."

अति तिथं माती म्हणतात ती ही. आत्याने सुताराकडे हात केला, त्याने मुकाट्याने पटाशी दिली आणि ती पायरीवर बसून स्वतःचंच पॉलिश फोडू लागली. खालून बाई विचारत होत्या, काय झालं, पाहुणे ताटकळलेत. सुतार ओरडला, "दुरुस्ती चालू आहे." भुसा उडाला, खाच मोकळी झाली. आतोबांनी तिच्यात अंगठा घातला.

"हं. हे पहिलं."

असं प्रत्येक वळणावर. ती खणायची, ते थांबायचे. असे आम्ही वर पोचलो. छोट्या दारातून आतोबा सज्जात गेले, तिलाही ओढून घेतलं आणि वाऱ्यात तोंड वर करून उभे राहिले.

"समुद्र कसा आहे आज?"

आत्याने त्यांच्या शर्टाची बाही मुठीत धरली.

"अगं, तुला विचारतोय."

"मला काय ठाऊक? मी डोळे मिटलेत."

आत्याला उंचीची भयंकर भीती. त्यांच्या सगळ्या नोकरीत ती एकदाही वर आली नव्हती. कठडा घासला तोही जिन्यात बाहेरचं काही दिसत नाही म्हणून. आतोबा हसले. त्यांचं हसणं मी विसरूनच गेले होते.

"वारा डावीकडून आहे," ते म्हणाले, "म्हणजे उजवीकडच्या खडकावर लाट फुटत असेल. तिथं फेस दिसेल बघ. उघड डोळे. मी धरलंय तुला."

आत्याने एक डोळा उघडला, मग दुसरा.

"आहे का फेस?"

"आहे," म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"रडत राहिलीस तर दिसणार काय तुला?" आतोबा म्हणाले. "जाऊ दे. उद्या परत येऊ."