मानाचं डोकं

माझा भाऊ वामन येडा नव्हता, हे आधी सांगून टाकते. आमच्या करावे गावात त्याला येडा म्हणणारे आजही सापडतील, आणि ते सगळे त्याच्या हातची मासळी खाऊन मोठे झालेत. आता सीवूड्सचा मॉल आहे ना, त्याच्या खालच्या अंगाला नुसता खाडीचा चिखल होता. ओहोटी लागली की लांबवर उघडा पडायचा. नवखा माणूस तिथं कमरेपर्यंत रुतायचा आणि वामन त्यावरून अंगणात चालल्यासारखा चालायचा.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराची. भाताची जमीन नव्या शहरासाठी गेली होती, मिठागर बंद पडलं होतं. वामनला एक कायमची नोकरी हवी होती. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, रविवारची सुट्टी. याच्यापलीकडं त्यानं जन्मात काही मागितलं नाही.

आणि नोकरी देऊ शकणारा माणूस दर थंडीत आमच्या दारी यायचा. श्यामसुंदर साहेब, महापेच्या एका कारखान्यातला मोठा इंजिनियर. नाताळात रजा टाकायचा आणि खाडीकाठी एक बंगली भाड्यानं घेऊन राहायचा. हा पूर्वी कुठल्याशा गरम बेटांवर नोकरीला होता. तिथं म्हणे गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून, लवलवत्या काठीनं बोनफिश नावाचा मासा धरतात, आणि गळाला कोळंबी नाही, पीस बांधतात. बोनफिश म्हणजे हाडाचा मासा, असं त्यानं समजावलं. मी म्हटलं, आमचे मासे काय बिनहाडाचे असतात? वामननं माझ्याकडं डोळे वटारले. साहेबाची चेष्टा त्याला खपायची नाही.

तर साहेबाला तोच खेळ आमच्या खाडीत खेळायचा होता, आणि बोनफिश नाही तर निदान जिताडा हवा होता. आता थंडीत जिताडा असतो सुस्त. तो पिसाला कशाला भुलतोय? वामननं साहेबाला दोन हिवाळे चिखलातून फिरवलं, रुतला तेव्हा खांद्यावर घेतलं. आमच्या काळ्या कोंबड्याच्या मानेची पिसं साहेबाला पसंत पडली, तर तीही उपटून दिली. साहेब लाल रेशमी दोऱ्यानं ती गळाला बांधायचा, बायकांच्या वरचढ नाजूक काम. कोंबडा बिचारा उघडी मान घेऊन दारात हिंडायचा.

"वामन," साहेब एकदा म्हणाला, "एक जिताडा माझ्या पिसावर लागू दे. मग तुला गेटवर वॉचमन लावलाच समज."

बोलायला काय जातं? वामन मात्र त्या शब्दावर जगायला लागला.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याच्या लेकीचं, मीनाचं लग्न ठरत आलं. मुलगा जासईचा, चांगल्या घरचा. मुलाचा बाप कमळाकर रविवारी जेवायला येणार होता, आणि जेवण झालं की सुपारी फुटणार होती. सुपारी फुटली की लग्न पक्कं. आमच्यात अशा वेळी व्याह्याच्या ताटात जिताड्याचं अख्खं डोकं वाढतात. तो मान. त्यासाठी लोक खाडीतून पिल्लू आणून घरामागच्या तळ्यात वाढवतात. वामनच्या बायकोनं, काशीनं, असा एक वाढवला होता. रोज पाण्यावर तळहात आपटायची, की तो वर येऊन तिच्या हातनं कोळंबी घ्यायचा. पोरांपेक्षा त्याचे लाड जास्त.

"सकाळी जिताडा काढून ठेवा," काशीनं नवऱ्याला सांगितलं.

तिथं वामनच्या डोक्यात किडा वळवळला. मासा काढायचाच आहे, तर वाटेत साहेबाच्या पिसावर लावू. साहेब खूश, फोटोबिटो काढेल, नोकरी पक्की. मग मासा घरी, व्याही खूश. यात वाकडं काय होतं, ते मला अजून दिसत नाही. धरलेला मासा कुणी सोडून देतं, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. आमच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढचं बारीकसारीक त्यानंच मला सांगितलं, पुष्कळ दिवसांनी.

उजाडायच्या आत त्यानं मासा ओल्या गोणीतून नेला आणि ओहोटीनं मागं राहिलेल्या पाण्यात सोडला. बाहेर जाऊ नये म्हणून त्या डबक्याच्या तोंडाला जाळं लावलं. मग साहेबाला आणून उभं केलं. साहेबानं काठी फिरवली, पीस पाण्यावर चपकन पडलं. काशीचा हात पडावा तसं. जिताडा सरळ वर आला आणि त्यानं पीस गिळलं.

साहेब नाचला म्हणे. कॅमेरा एका खुंटावर टेकवून त्यानं आपला आपण फोटो काढला, दोन्ही हातांत जिताडा. वामननं बाजूनं शेपटी धरली होती. "शाबास," साहेब म्हणाला, "रजा संपली की ये गेटवर." वामनच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग साहेबानं माशाच्या तोंडात वाकून पाहिलं. "गळ खोल गेलाय. ओढला तर मरेल." त्यानं कातरीनं दोरा कापला, मासा छातीशी धरून जाळ्याच्या पलीकडं वाहत्या पाण्यात नेला आणि हळूच ठेवला.

"सायेब, हे काय करता?"

"सोडतोय. हा खेळ असतो, वामन. खायचा नसतो."

जिताडा दमून पाण्यात नुसता थबकला होता. थोडी ताकद आली की जाणार. वामन गप्प राहिला असता तर खाकी शर्ट त्याच्या अंगावर चढला असता. पण दुपारी व्याह्याच्या ताटात काय वाढायचं? लेकीचं तोंड त्याच्या डोळ्यांपुढं आलं. तो वाकला आणि त्यानं पाण्यावर तळहात आपटला. जिताडा वळला आणि त्याच्या हातात आला.

साहेब बघत राहिला. मग म्हणाला, "पाळलेला आहे."

"हां सायेब. पोरीच्या लग्नाचं..."

"मला फसवणाऱ्या माणसाला मी गेटवर बसवू?" साहेबानं काठीचा दोरा गुंडाळला आणि वामन वाट दाखवेल म्हणूनही न थांबता निघाला. रुतत, धडपडत गेला, पण वामनचा हात घेतला नाही.

वामन घरी आला तो तोंड शिवल्यासारखा. मासा काशीपुढं ठेवला आणि भिंतीला टेकून बसला. पाहुणे यायची वेळ झालेली, काशीची धांदल. डोकं तर अख्खंच शिजवायचं असतं. चिंच, लसूण, घरचा मसाला. वासानं आळी जमली होती. मी स्वतः कमळाकरांच्या ताटात डोकं वाढलं, आणि मीना दाराआडून बघत होती. आबोली रंगाचं लुगडं नेसली होती पोर.

कमळाकर गालाचं मांस चोखता चोखता थांबले. तोंडात बोटं घातली. ओठातून रक्त आलं. मग त्यांनी एक एक करून ताटाच्या कडेला ठेवलं. लोखंडाचा आकडा. लाल दोरा. काळं पीस.

"करनी," ते म्हणाले. आवाजही चढवला नाही.

सगळ्यांच्या माना अंगणाकडं वळल्या. अंगणात आमचा काळा कोंबडा उघड्या मानेनं दाणे टिपत होता.

वामन उठला. हात जोडून त्यानं सगळं सांगितलं, साहेब, पीस, नोकरी, कापलेला दोरा, काही लपवलं नाही. कमळाकरांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. मग त्यांनी एवढंच विचारलं, "मासा धरून सोडतं कोन?"



वामन तसाच बंगलीवर धावला. साहेब बॅग भरत होता. वामननं पाय धरले, "सायेब, फक्त चला आनि सांगा, मासा तुमी धरला व्हता."

"मी कुठं धरला?" साहेब म्हणाला. "तू आणून ठेवला होतास. खोटं बोलायचं तर दुसरा माणूस बघ."

पाहुणे चुळा न भरताच गेले. सुपारी पाटावर तशीच राहिली. पुढं मीनाला पेणकडच्या बिजवराला दिली, त्याची पोरं हिच्या खांद्याएवढी. वामन रस्त्याच्या कामावर खडी टाकायला गेला आणि दम्यानं चार-पाच वर्षांत आटोपला. पण खरं भोगलं ते काशीनं. मासा तिनं वाढवला, तिनं शिजवला, म्हणजे करणी तिची. ती समोरून आली की बाया तान्ह्या पोरांच्या तोंडावर पदर ओढायच्या. ज्यांची बाळंतपणं तिनं काढली, त्यासुद्धा.

शाऐंशी साली नेरूळला बिल्डिंगी झाल्या आणि मी टोपली घेऊन दारोदार मासळी विकायला लागले. एकदा वरच्या मजल्यावर सुनीतीबाई म्हणून एका बाईंनी आत बोलावलं. मी बोंबील मोजता मोजता मान वर केली, तर समोर भिंतीवर साहेब. दोन्ही हातांत काशीचा जिताडा. कडेला शेपटी धरलेला एक मनगटापर्यंतचा हात, बाकी माणूस फ्रेमनं कापलेला. माझ्या भावाचा हात मी ओळखणार नाही?

"ह्यांनी पकडलाय," बाई कौतुकानं म्हणाल्या. "तासभर झुंजत होता म्हणे. मग सोडून दिला. ह्यांचं मन फार हळवं."

मी म्हटलं, "बाई, हा फोटो मला एक दिवस द्या. गावात दाखवते आणि आणून देते. एका बाईचं नाव धुऊन निघेल."

साहेब आतून आले. मला त्यांनी ओळखलं नाही. मी वामनचं नाव घेतलं, करावे म्हटलं, जासईचे पाहुणे म्हटलं. त्यांची नजर फोटोतल्या त्या हाताकडं गेली. त्यांना सगळं आठवलं, मी शपथेवर सांगते.

"कोण वामन?" ते म्हणाले. "आणि फ्रेम काढली तर भिंतीला डाग दिसतो." मग आत जाता जाता वळले, "जिताडा मिळाला तर आणून दे. पण खाडीचा हं, पाळलेला नको."

मी बोंबील तिथंच टाकून आले आणि ती पायरी पुन्हा चढले नाही. माझा तळतळाट त्या घराला लागला असेल तर लागो. घरी काशीनं विचारलं, टोपली आज लवकर रिकामी कशी? मी म्हटलं, खपली सगळी. शेजारी त्या दिवशी बारसं होतं. आम्हाला दोघींना बोलावणं नव्हतं, म्हणून काशीनं दार लोटून घेतलं आणि आम्ही जेवायला बसलो.